व्यसनी रुग्णांवर उपचार करणाऱ्यांनी आपले ओझे कुठे उतरवावे?

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे रुग्णांच्या घरून येतात. आई, पत्नी, क्वचित मुलगा किंवा मुलगी लिहिते. या अंकासाठी मात्र टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांची पत्रे निवडली आहेत. ती आवश्यक तेथे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. दारूमुळे आजारी पडलेले रुग्ण आमच्याकडे रोज असतात : कावीळ, रक्ताची उलटी, फिट, मोटारसायकलवरून पडणे. सलाईन लावतो, सावरले की घरी पाठवतो आणि तोच माणूस महिना-दीड महिन्यात पुन्हा त्याच अवस्थेत येतो. पूर्वी मी प्रत्येकाला समजावत असे, आता बोलावेसेच वाटत नाही. अशा रुग्णाचा केसपेपर समोर आला की मनात चीड येते आणि त्या चिडीची लाजही वाटते. माझे क्षेत्र चुकले आहे का?

उत्तर : क्षेत्र चुकलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत या प्रकारच्या थकव्याची नोंद केली आहे आणि तो आजार नसून नोकरीच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना बळावणे, अशी तिची तीन लक्षणे आहेत. आपल्या पत्रात मला पहिले फारसे दिसत नाही. दुसरे आणि तिसरे मात्र ठळक दिसते. याचा अर्थ, नुसती रजा घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. रजेवरून परत आल्यावर तोच केसपेपर पुन्हा समोर येईल.

हा कडवटपणा याच रुग्णांच्या वाट्याला का येतो, हे पाहण्यासारखे आहे. मधुमेहाचा रुग्ण लग्नसराईत गोडधोड खाऊन तीनशेच्या वर साखर घेऊन येतो, तेव्हा आपण दोन शब्द सुनावतो, औषधाची मात्रा वाढवतो आणि पुढच्या तपासणीची तारीख देतो. त्याने आपला विश्वासघात केला असे आपल्याला वाटत नाही. दारू पुन्हा सुरू करणाऱ्याच्या बाबतीत नेमके तसे वाटते, कारण आपण मनोमन एकाच निकालावर पैज लावलेली असते : सुटली किंवा नाही सुटली. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात व्यसनाची तुलना इतर दीर्घकालीन आजारांशी करणारा एक लेख प्रसिद्ध झाला. उपचारानंतर व्यसन पुन्हा उफाळण्याचे प्रमाण त्यात सुमारे ४० ते ६० टक्के दिले होते, तर उच्च रक्तदाब आणि दमा यांत लक्षणे पुन्हा उलटण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के होते. रक्तदाबाचा रुग्ण परत आला म्हणून कोणी वैद्यकशास्त्र हरले असे म्हणत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना मोजमापाविषयी आहे. त्या माणसाच्या केसपेपरवर ‘पुन्हा सुरू’ एवढेच लिहू नये. या वेळी तो किती आठवडे न पिता राहिला, फिट आली का, कामावर गेला का, सोबत घरचे कोणी आले का, हेही लिहावे. पाच आठवड्यांचे आठ आठवडे झाले असतील, तर ती प्रगतीच आहे. ती कागदावर आली नाही, तर ती रुग्णाला दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही.

दुसरी सूचना, हे काम एकट्याने करू नये. समजावण्याचे काम डॉक्टरनेच केले पाहिजे, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. गोव्यात तिला छेद देणारा चांगला पुरावा मिळाला. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणाऱ्यांना मानसोपचाराचे आधीचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नव्हते. त्यांना या कामापुरते प्रशिक्षण दिले गेले होते आणि एका रुग्णासाठी चारपर्यंतच भेटी होत्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुष घातक पिण्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात २६ टक्के. आकडा भव्य नाही, पण तो चार भेटींचा आहे. मला त्यातला अधिक मोलाचा भाग वेगळाच वाटतो. या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत आणि ते नियमितपणे एकत्र बसून एकमेकांचे काम ऐकत, त्याला गुण देत, कुठे उपदेश झाला आणि कुठे ऐकून घेतले ते एकमेकांना दाखवून देत. आपल्या वैद्यकीय शिक्षणात आपण रुग्णाशी बोलताना कसे वाटतो, हे आपल्याला सहसा कोणी सांगितलेले नसते.

आपल्या रुग्णालयात एड्स नियंत्रण किंवा असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाचा समुपदेशक असेल, तर त्याला आणि एखाद्या इच्छुक परिचारिकेला या कामात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दारू पिण्याविषयीच्या दहा प्रश्नांची चाचणी त्यांना सहज घेता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आपल्याकडे कोणत्या वारी येते ते पाहून, कठीण वाटणारे दोन-तीन रुग्ण त्या दिवशीच बोलवावेत आणि पथकातील तज्ज्ञासमोर आपणही बसावे. रुग्णाला नुसती चिठ्ठी देऊन पाठवण्यात आणि शेजारी बसून ऐकण्यात फार फरक पडतो.

दूरच्या डॉक्टरला तज्ज्ञांशी जोडून ठेवण्याची एक रीत २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी ‘हिपॅटायटिस सी’साठी सुरू केली. गावातले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर आपला रुग्ण मांडतात, तज्ज्ञ आणि इतर गावांचे डॉक्टर मिळून सल्ला देतात आणि उपचार मात्र गावातच होतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने व्यसनोपचारासाठी हीच रीत वापरली आहे. आपल्या जिल्ह्यात अशी सोय नसेल, तर शेजारच्या चार तालुक्यांतले चार वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा रुग्णालयातले एक मनोविकारतज्ज्ञ पंधरवड्यातून एकदा तासभर फोनवर एकत्र येऊ शकतात. त्यासाठी शासन आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि चिडीविषयी. ती येणारच. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे गट चालवले, तेव्हा तेथे औषधांपेक्षा ‘हा रुग्ण आला की मला काय होते’ यावरच बोलणे होत असे. डॉक्टरच्या मनात उठणारी भावना हीदेखील रुग्णाविषयीची माहिती असते, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते. आपल्याला ज्याची चीड येते, त्याची त्याच्या घरी आणि गावातही तितकीच चीड येत असणार. तो दवाखान्यात येतो तोच मान खाली घालून किंवा आवाज चढवून. भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या अवलंबित्वाने ग्रासलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कधी काही उपचार मिळालेले असतात. परत परत येणारा हा माणूस निदान आपल्या दारापर्यंत पोहोचतो आहे.

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात पुरुष सर्जिकल वॉर्डात परिचारिका आहे. मांडीचे हाड मोडलेला एक रुग्ण दाखल झाल्यावर तिसऱ्या रात्री अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला. त्याने सलाईनची सुई उपसली, मला ढकलले आणि माझे मनगट मुरगळले. तीस खाटांना आम्ही दोघीच होतो. सकाळी वरिष्ठांनी विचारले, नातेवाइकांना आधीच का बोलावले नाही? आता रात्रपाळी म्हटली की छातीत धडधडते. माझी चूक कुठे झाली?

उत्तर : आपली चूक झाली असे मला वाटत नाही. ज्यांनी तो रुग्ण दाखल करून घेतला त्यांचा एक प्रश्न विचारायचा राहिला आणि त्याची किंमत आपल्या मनगटाने मोजली.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अपघातामुळे एकाएकी बंद होते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना तो भ्रम होतो जो आपण पाहिला. रुग्ण चादरीवरून काहीतरी वेचू लागतो, खिडकीपाशी नसलेल्या माणसाशी बोलतो, घरी जायचे म्हणून उठतो, नाडी भरधाव असते आणि सदरा घामाने भिजलेला असतो. सर्जिकल वॉर्डात ही अवस्था ‘दारुड्याचा तमाशा’ म्हणून मोजली जाते. प्रत्यक्षात ती जिवावर बेतणारी तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि तिची वेळ बरीचशी आधी सांगता येते.

म्हणून वॉर्डासाठी आग्रहाने मागून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे दाखल करतानाची नोंद : रोज किती पितो आणि शेवटची कधी प्यायली. ‘थोडीशी घेतो’ या उत्तरावर थांबू नये. रोज किती क्वार्टर, असे विचारावे आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन तेच पुन्हा विचारावे. उत्तर काळजीचे असेल, तर डॉक्टरांकडून थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शने (ग्लुकोजच्या आधी), थरकाप आटोक्यात ठेवणारे लोराझेपामसारखे औषध आणि ठरावीक तासांनी लक्षणांची मोजणी लिहून घ्यावी. गुण कितीवर गेले की डॉक्टरांना उठवायचे, हेही कागदावर असावे. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करू की नको, या संभ्रमात परिचारिकेची जी शक्ती जाते ती अशा एका ओळीने वाचते. हातपाय बांधणे हा शेवटचा उपाय आहे. तो डॉक्टरांच्या सूचनेने, लेखी नोंद ठेवून आणि धोका टळेपर्यंतच करावा. साखळीने बांधण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरळ बंदी आहे.

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचारासाठी २०१०चा कायदा आहे. त्यात परिचारिकाही येतात, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. शुद्धीवर असलेल्या नातेवाइकाने हात उगारला, तर हा कायदा जरूर वापरावा. भ्रमात असलेल्या रुग्णावर मात्र तो रोखणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याला आपण काय करतो हे कळत नव्हते. येथे जबाब व्यवस्थापनाने द्यायचा आहे : रात्री तीस खाटांना दोन परिचारिका का, आणि सुरक्षारक्षक वॉर्डापर्यंत किती वेळात पोहोचतो? घटनेचा लेखी अहवाल द्यावा, मनगटाची तपासणी करून कागद ठेवावा आणि हे सर्व कामावर झालेली दुखापत म्हणूनच नोंदवावे.

धडधडीबद्दल : घटनेनंतर लगेच सर्वांना एका खोलीत बसवून एकदाच सगळे बोलायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे, तेव्हा कोणी तसा आग्रह धरला तर नम्रपणे नकार द्यावा. पहिल्या काही रात्री अनुभवी सहकारी सोबत मिळणे, विश्वासाच्या व्यक्तीशी आपल्याला हवे तेव्हा बोलणे, नीट झोप, याने बहुतेकांना उतार पडतो. महिना उलटूनही तीच रात्र स्वप्नात येत असेल किंवा वॉर्डाच्या दाराशी पाय अडखळत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, आणि ती सेवा रुग्णांइतकीच आपल्यासाठीही आहे.

प्रश्न : मी स्वतः व्यसनातून बाहेर पडलो असून काही वर्षे एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. ब्राऊन शुगरचे व्यसन असलेला एक तरुण आमच्याकडे तीन महिने राहून चांगला सावरला. घरी गेल्यावर आठवड्याभरात तो गेला. त्याच्या आईने मला फोनवर विचारले, ‘भाऊ, तुम्ही तर म्हणाला होतात की तो बरा झाला.’ तेव्हापासून नव्या मुलांशी बोलताना शब्द फुटत नाहीत. केंद्रात या मृत्यूविषयी कोणी बोलतही नाही.

उत्तर : आधी जे घडले त्याचे वैद्यकीय कारण सांगतो, कारण ते माहीत नसेल तर मन नको ती कारणे शोधत राहते. शरीराला ब्राऊन शुगरसारख्या अफूवर्गीय पदार्थाची सवय झालेली असते तेव्हा ते मोठी मात्रा सहन करते. काही आठवडे बंद ठेवल्यावर ही सहनशक्ती ओसरते. घरी गेलेला मुलगा एखाद्या मोहाच्या क्षणी जुन्या आठवणीने जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वांत धोक्याचे असतात. या मुलाच्या बाबतीतही बहुधा हेच झाले असावे. तो तुमच्याशी खोटे वागत होता किंवा तुमचे बोलणे वरवरचे होते, असा अर्थ यातून निघत नाही.

ही माहिती यापुढे प्रत्येक मुलाला आणि त्याच्या घरच्यांना निरोप देताना स्पष्ट शब्दांत द्यावी. ‘पुन्हा घेतलीस तर मरशील’ ही धमकी झाली. ‘आता तुझ्या शरीराला पूर्वीची मात्रा झेपणार नाही, आणि पाय घसरला तर एकटा राहू नकोस, लगेच फोन कर’ ही माहिती झाली. घरच्यांना बेशुद्धी, घरघर आणि निळे पडणारे ओठ ही लक्षणे सांगावीत, आणि रुग्णालयात नॅलोक्झोन हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध वेळेत मिळाले तर श्वास परत सुरू होऊ शकतो हेही. अफूवर्गीय व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ घेतल्याने मृत्यूचा धोका बराच कमी होतो. ‘औषधावर राहणे म्हणजे खरी व्यसनमुक्ती नव्हे’ असे आपल्या क्षेत्रात अजूनही अनेक जण मानतात. मी त्यांच्याशी सहमत नाही.

आता तुमच्याविषयी. स्वतः त्या वाटेने आलेला माणूस समोर बसतो, तेव्हा नव्या मुलाचा जो विश्वास बसतो तो पदवीने मिळत नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्या काळी शहरात गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, विळखा पडू लागला होता, आणि पुढे तेथून बरे झालेले अनेक जणच तेथील कार्यकर्ते झाले. मात्र या ताकदीची दुसरी बाजू अशी, की इतरांना जेथे केवळ एक रुग्ण गेल्याचे दुःख वाटते, तेथे तुम्हाला आपणच गेलो असतो असे वाटू शकते. म्हणून कार्यकर्त्याने स्वतःच्या व्यसनमुक्ती गटाची सभा सोडू नये. तुम्ही ज्या गटात बरे झालात तेथे तुम्ही समुपदेशक म्हणून जाऊ नका, सदस्य म्हणून जा. आणि जमल्यास तुमच्या केंद्राशी संबंध नसलेल्या गटात जा. ओढ जाणवली तर ती त्याच दिवशी सांगा. नोकरी जाईल या भीतीने ती लपवावी लागत असेल, तर दोष केंद्राचा आहे.

केंद्राने या मृत्यूवर बोललेच पाहिजे. दोषी शोधायची बैठक नको. निरोपाच्या दिवशी काय सांगितले, पाठपुराव्याचा फोन कधी ठरला होता, कोणी केला, एवढे तीन प्रश्न पुरेत, आणि ही बैठक केंद्राबाहेरच्या एखाद्या डॉक्टरने चालवली तर उत्तम. त्या आईला भेटायला तुम्ही एकटे जाऊ नका, पण जा. स्पष्टीकरण देण्याची घाई नको. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, ‘तो बरा होत होता आणि हा आजार उलटतो, हे आम्ही तुम्हाला अधिक स्पष्ट सांगायला हवे होते’ असे देता येईल. ते खरेही आहे.

प्रश्न : आमच्या विश्वस्त संस्थेच्या लहान रुग्णालयात दहा खाटांचा व्यसनमुक्ती विभाग आहे. कर्मचारी टिकत नाहीत. तणावमुक्तीची कार्यशाळा घ्यावी असा विचार आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : कार्यशाळेचा खर्च वाचवावा. १२ मे रोजी परिचारिकांना आणि १ जुलै रोजी डॉक्टरांना गुलाबाचे फूल देणारी आणि उरलेले वर्ष सलग दोन पाळ्या लावणारी रुग्णालये सर्वांच्या परिचयाची आहेत. डॉक्टरांच्या थकव्यावरील उपायांचे एक एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. व्यक्तीला ताण झेलायला शिकवणाऱ्या उपायांपेक्षा कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम अधिक दिसला. माझा अनुभवही तोच आहे.

कर्मचारी का सोडून गेले ते जे गेले त्यांनाच विचारावे. बहुतेक ठिकाणी पगाराइतकीच तीन कारणे निघतात : रात्री एकटे राहावे लागते, कठीण प्रसंगी वरिष्ठांपैकी कोणी फोन उचलत नाही, आणि दाखल कोणाला करायचे ते विश्वस्तांच्या ओळखीवर ठरते. तिसरे कारण तुमच्या हातात आहे. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची प्रक्रिया कायद्याने घालून दिली आहे. विश्वस्तांच्या शब्दावर घरच्यांनी उचलून आणलेला माणूस आत घेतला, तर त्याचा राग आणि कायद्याचा धोका दोन्ही कर्मचाऱ्यांच्या माथी येतात. विभागाची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, तेही तपासावे. त्यानंतर बाहेरचा एक अनुभवी पर्यवेक्षक नेमून आठवड्यातला एक तास रुग्णांविषयी बोलण्यासाठी ठेवावा, तो पाळीच्या वेळेतच धरावा आणि त्या तासात फोन विश्वस्तांपैकी कोणीतरी घ्यावेत.

प्रश्न : माझा सहकारी उत्तम शल्यविशारद आहे. हल्ली सकाळी त्याच्या तोंडाला वास येतो. बोललो तर मैत्री तुटेल, न बोललो तर रुग्णाचे काय?

उत्तर : आजच बोला, पण शस्त्रक्रियागृहाबाहेर, एकांतात आणि तो प्यायलेला नसताना. पाहिले तेवढेच सांगा : तारीख, वास, थरथर. निदान करू नका. त्या दिवसाची शस्त्रक्रिया मात्र होऊ देऊ नका; त्यासाठी विभागप्रमुखांना सांगावे लागले तरी चालेल, आणि तसे सांगणार आहात हे त्याला आधीच कळू द्या. उपचारासाठी त्याला दुसऱ्या शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाचे नाव द्या, कारण आपल्याच गावात रांगेत बसायची त्याची तयारी नसेल. उपचारांची गोपनीयता राखणे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे, हेही त्याला सांगा. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतले एक डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारदच होते. एकदम दारू बंद करायला मात्र सांगू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद व्हावी. का, ते वर परिचारिकेला दिलेल्या उत्तरात आले आहे.